हत्ती नको, खाऊ आणा!

बँकॉक-पटायाहून परतताना तेच चॉकलेट आणि तीच की-चेन कशाला? थाई लोक स्वतः जिथून घरी खाऊ नेतात, ती दुकानं तुमच्या वाटेवरच आहेत. फक्त बस थांबवायला हवी.

ऑफिसात कुणी थायलंडहून परत आलं की सोमवारी सकाळी त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘ट्रिप कशी झाली?’ हा नसतो. ‘काय आणलंस?’ हा असतो! मग पँट्रीच्या टेबलावर चॉकलेटचा भलामोठा डबा उघडला जातो. तो स्वित्झर्लंडमध्ये बनलेला असतो, बँकॉकच्या ड्युटी फ्रीमध्ये घेतलेला असतो आणि तुमच्या घराजवळच्या मॉलमध्येही मिळत असतो. खास दोस्तांना हत्तीचं की-चेन. आईला बामची डबी. बॉसला जरा मोठा हत्ती.

ज्या देशात रस्त्याच्या दर वळणावर काहीतरी भाजलं, तळलं, उकडलं जात असतं, तिथून खायला आणायचं तर चॉकलेट?

थाई माणूस असं करत नाही. त्यांच्याकडे यासाठी एक मस्त शब्द आहे, ‘खाँग फाक’. ‘खाँग’ म्हणजे वस्तू आणि ‘फाक’ म्हणजे सोपवणं, ठेवायला देणं. बँकेत पैसे ठेवायलाही ते हेच क्रियापद वापरतात. कुठेही बाहेरगावी जाऊन आलात की घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी, ऑफिसातल्यांसाठी खाँग फाक आणायचं, आणि ते बहुतेक वेळा खायचंच असतं. फ्रिजवर चिकटवायच्या वस्तूला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, आणि तो मुख्यतः टुरिस्टांच्या कामाचा!

आपल्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. आपल्याकडे याला ‘खाऊ’ म्हणतात. लोणावळ्याहून चिक्की, साताऱ्याहून कंदी पेढे, मालवणहून खाजा, रत्नागिरीहून आंबापोळी. नियम एकच, जिथली वस्तू तिथूनच घ्यायची. लोणावळ्याची चिक्की दादरलाही मिळते, पण ‘दादरहून आणली’ म्हटलं की तिची निम्मी मजा गेली. थायलंडमध्ये नेमकं हेच आहे. तिथल्या प्रत्येक प्रांताचा खाऊ ठरलेला आहे, आणि तो न घेता आलात तर घरचे विचारतात.

यात सरकारनेही हात घातला. २००१ साली थाकसिन शिनावात्रा यांच्या सरकारने ‘एक तांबोन, एक उत्पादन’ ही योजना सुरू केली. तांबोन म्हणजे काही गावं मिळून होणारा गट. जपानच्या ओइता प्रांतात १९७९ साली सुरू झालेल्या ‘एक गाव, एक उत्पादन’ चळवळीवरून ही कल्पना उचललेली. म्हणून आजही अनेक पाकिटांवर ‘ओटॉप’ अशी इंग्रजी अक्षरं दिसतात, आणि जोडीला तारे. पाच तारे म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा. हे तारे चवीची गॅरंटी देत नाहीत, पण माल कुठल्या गावचा हे तरी कळतं.

जलपुरी, श्रीराजा, चंद्रपुरी

बँकॉकमध्ये तुमचं हॉटेल बहुधा सुखुमवित रोडवर किंवा त्याच्या एखाद्या गल्लीत असतं. मॉल्स, स्कायट्रेन, मसाज पार्लर, इंडियन रेस्टॉरंट, सगळं तिथेच. पण हा सुखुमवित बँकॉकमध्ये संपत नाही! हाच रस्ता पुढे हायवे नंबर ३ होतो आणि समुद्राच्या कडेकडेने थेट कंबोडियाच्या सीमेजवळ त्रात प्रांतापर्यंत जातो. वाटेत चोनबुरी, सी राचा, पटाया, रायोंग, चांथाबुरी. हा थायलंडचा पूर्व किनारा.

नावं नीट ऐका, कान टवकारतील. चोनबुरी म्हणजे जलपुरी. सी राचा म्हणजे श्रीराजा. चांथाबुरी म्हणजे चंद्रपुरी. एका गावाचं नाव तर ‘आंग सिला’ आहे, म्हणजे शिलेचं कुंड. उच्चार बदलला, संस्कृत तेच राहिलं.

आता मामला असा, की आपल्या टूर पॅकेजची बस या रस्त्याने जातच नाही. ती मोटरवे नंबर ७ पकडते आणि सुसाट पटाया. मधे थांबली तर पेट्रोल पंपावर. पटायात मात्र ‘जेम्स फॅक्टरी व्हिजिट’ म्हणून तुम्हाला दीड-दोन तास एका एसी शोरूममध्ये फिरवलं जातं, मग चामड्याचं दुकान. तिथे का नेतात हे सांगायला नको, कमिशनचा फंडा जगजाहीर आहे. माझं म्हणणं एवढंच, की ग्रुपमधल्या वीस जणांनी मिळून सांगितलं तर त्यातला अर्धा तास बाजारात नक्की वळवता येतो. स्वतःची टॅक्सी किंवा व्हॅन करून जाणाऱ्यांना तर काहीच अडचण नाही. सुवर्णभूमी विमानतळ बँकॉकच्या पूर्वेला आहे. म्हणजे पटायाहून परतीचं विमान गाठायला निघालात की चोनबुरी वाटेतच. दोन तास आधी निघायचं आणि ड्रायव्हरला दोनच शब्द सांगायचे, ‘नोंग मोन’.

भाताची नळकांडी

नोंग मोन हा बाजार चोनबुरी प्रांतात, बांग सेनच्या समुद्रकिनाऱ्याजवळ, सुखुमवितच्या अगदी कडेला. बांग सेन म्हणजे बँकॉकवाल्यांचं अलिबाग. शनिवार-रविवारी सहकुटुंब जायचं, छत्रीखाली बसून मासे खायचे आणि येताना नोंग मोनला गाडी उभी करायची. त्यामुळे वीकएंडला तिथे पाय ठेवायला जागा नसते. जमलं तर मधल्या वारी जा.

इथली राणी म्हणजे खाओ लाम. बांबूच्या नळीत चिकट तांदूळ, नारळाचं दूध, साखर, किंचित मीठ आणि काळे घेवड्यासारखे दाणे भरायचे, तोंड बंद करायचं आणि नळी निखाऱ्यांवर भाजायची. आपल्या नारळीभाताचा लांबचा थाई भाऊच म्हणा. बांबूची बाहेरची जाड हिरवी साल तासून टाकलेली असते, त्यामुळे नळी हाताने सोलता येते. सोलल्यावर आतला पातळ पापुद्रा भाताला चिकटून निघतो आणि हातात गरम, धुरकट वासाची भाताची कांडी येते. वरच्या टोकाला नारळाच्या दुधाची दाट साय असते. ते टोक कुणी खायचं यावरून भांडणं होतात, आणि व्हायलाच हवीत! पांढऱ्या तांदळाची, काळ्या तांदळाची, अरवीची असे प्रकार मिळतात. अंड्याच्या कस्टर्डचीही असते, शाकाहारींनी विचारून घ्यावं.

पण खाओ लाम मुंबई-पुण्यात आणायच्या भानगडीत पडू नका. नारळाच्या दुधाचा पदार्थ, तिथला दमट उकाडा, दुसऱ्या दिवशीच तोंड वाकडं होतं. बँकॉकवाल्यांसाठी तो खाऊ आहे, आपल्यासाठी तो गाडीत बसून खायचा नाश्ता आहे. बांबूसकट घरी नेण्याचा मोह तर अजिबात नको.

खानोम चाकचंही तेच. चिकट तांदळाचं पीठ, ओलं खोबरं आणि ताडगूळ एकत्र करून निपा पामच्या पानात गुंडाळायचं आणि कोळशावर भाजायचं. हळदीच्या पानातली पातोळी उकडायच्या ऐवजी भाजली तर काय होईल, याचं उत्तर इथे मिळतं. पानाच्या जुड्या बांधून विकतात. तिथेच उभ्या उभ्या एक जुडी संपते, अनुभव घ्या.

मग न्यायचं काय? बाजाराचा दुसरा अर्धा भाग त्यासाठीच आहे. सुकी कोळंबी, सुका माकूल, तिखट-गोड मसाला लावलेली माकुलाची पातळ पानं, तीळ लावलेले कुरकुरीत छोटे मासे. शिवाय पाकातला आंबा, चिंचेच्या गोळ्या, केळ्याचे आणि अरवीचे वेफर्स. खेकड्याच्या मांसाचे तळलेले ‘होय जो’ इथली खासियत आहे, पण तेही ताजेच खायचे, आणि त्यात बहुधा डुकराचं मांसही असतं, हे माहीत असू द्या.

भाव बहुधा शंभर बाथला अमुक पाकिटं असा बोलला जातो. सरसकट घासाघीस इथे चालत नाही, हा काही कपड्यांचा नाइट मार्केट नव्हे. जास्त घेतलं तर एखादं पाकीट वर पडतं. चव बघायला मात्र कुणी नाही म्हणत नाही. ‘चिम दाय माय?’ म्हणजे चाखून बघू का? आणि त्याहून कामाचं वाक्य, ‘केप दाय की वान?’ म्हणजे किती दिवस टिकेल? उत्तर बोटांवर मिळतं. बोटं पाचपेक्षा कमी उभी राहिली तर पाकीट खाली ठेवा.

सुकी कोळंबी निवडण्यात आपल्याकडच्या कोळीणमावशी आणि थाई आजीबाई यांचं एकमत होईल. भडक लालभडक दिसणारी घेऊ नका, तिला रंग लावलेला असू शकतो. फिक्कट केशरी-गुलाबी, कोरडी, दाबली तर किंचित लवचिक आणि नाकाला झोंबणारा वास नसलेली, ती चांगली. ज्यांच्या घरी सोडे ओळखता येतात त्यांना हे वेगळं शिकायला नको.

जवळच आंग सिला आहे, दगडी खलबत्त्यांसाठी प्रसिद्ध. थाई स्वयंपाकघरात चटणी कुटायला तो लागतोच. मोह होईल, कारण वस्तू देखणी आहे. पण बॅगेच्या वीस किलोंपैकी पाच-सहा किलो एका दगडाला द्यायचे का, हे आधी ठरवा.

सॉसचं माहेर

नोंग मोनहून पटायाकडे निघालं की सी राचा लागतं. हो, तेच! बर्गरवर पिळतात ते ‘स्रिराचा’ सॉस या गावच्या नावाचं. जगभर गाजली ती अमेरिकेतल्या हुई फाँग कंपनीची कोंबडा छापाची बाटली. ही कंपनी व्हिएतनामहून गेलेल्या डेव्हिड ट्रान यांनी १९८० साली काढली. पण थायलंडमध्ये हे सॉस त्याच्या कितीतरी आधीपासून बनत होतं. तिथला जुना ब्रँड ‘श्रीराजा पानिच’, जो १९८४ साली थाई थेपारोस या कंपनीने विकत घेतला. कोंबडा छापाच्या मानाने हे सॉस पातळ, जास्त गोड, जास्त आंबट. थाई लोक ते ऑम्लेटवर आणि तळलेल्या शिंपल्यांवर घेतात. मिरची, लसूण, साखर, व्हिनेगर, मीठ असा साधा मामला. काचेची बाटली आहे, तेवढी काळजी घ्या. ऑफिसातल्या तिखटप्रेमी मित्राला हे द्या आणि गोष्टही सांगा. बँकॉकच्या सुपरमार्केटमध्येही मिळतं, तरी पण... दादरची चिक्की आठवा.

जवळा तोच, अवतार वेगळा

पटायाच्या पुढे रायोंग. को सामेत बेटावर जाणारे इथल्या बान फे धक्क्यावरून बोट पकडतात, आणि धक्क्याजवळच सुक्या मासळीची दुकानं आहेत. पण रायोंगची खरी ओळख दोन गोष्टींची, नाम प्ला आणि कापी.

नाम प्ला म्हणजे फिश सॉस. मांदेलीच्या जातकुळीतले छोटे मासे आणि मीठ मोठ्या टाक्यांमध्ये भरून वर्ष-दीड वर्ष मुरवत ठेवतात. जो तपकिरी, पारदर्शक रस उतरतो तो नाम प्ला. पहिल्या उताराचा सगळ्यात चांगला. बाटलीवर ‘थे’ म्हणजे अस्सल असा शब्द असतो का, ते दुकानदाराला विचारा. मिश्र प्रकारही विकले जातात आणि दिसायला सारखेच असतात.

कापीने मात्र मला चाटच केलं. जांभळट तपकिरी, घट्ट, उग्र वासाची ही पेस्ट बनते ‘खोय’ नावाच्या इवल्याशा कोळंबीपासून. हा खोय म्हणजे कोण? तर आपल्या जवळ्याचा सख्खा चुलतभाऊ, शास्त्रीय भाषेत दोघंही ‘असेटीस’ कुळातले. आपण जवळा उन्हात वाळवतो आणि कांद्यावर परततो. ते त्यात मीठ घालतात, मुरवतात, कुटतात. घरी जवळ्याची चटणी आवडीने खाणारी आई किंवा आजी असेल, तर तिच्यासाठी बामच्या डबीपेक्षा कापीची डबी लाख पटींनी भारी. सुपारीएवढी कापी तव्यावर किंवा केळीच्या पानात भाजून घ्यायची, लसूण, मिरची, लिंबू आणि चिमूटभर गुळाबरोबर कुटायची. झाली नाम फ्रिक कापी. गरम भात, उकडलेल्या भाज्या, बाजूला तळलेला मासा. आजी पहिल्यांदा नाक मुरडेल. दुसऱ्या घासाला विचारेल, अजून आहे का?

ड्युरियनचं काय करायचं?

रायोंग आणि चांथाबुरी हा फळांचा पट्टा. ड्युरियन, मँगोस्टीन, रंबुतान. एप्रिल-मे ते जून हा इथला भर मोसम. ड्युरियन तिथे जाऊन जरूर खा, पण आणायचं नाव काढू नका. विमान कंपन्या घेत नाहीत आणि हॉटेलच्या लिफ्टमध्येच ‘नो ड्युरियन’ची पाटी असते, दंडाच्या आकड्यासकट.

त्यावर तोडगा म्हणजे तळलेलं ड्युरियन. कच्च्या फळाचे पातळ काप तळून केलेल्या या वेफर्सना वास जवळजवळ नसतोच. चव? डोळे मिटून खाल्लं तर कोकणातले तळलेले फणसाचे गरे. ऑफिसच्या पँट्रीत ठेवायला यासारखा पदार्थ नाही. शाकाहारी, कुरकुरीत, आणि ‘हे ड्युरियन आहे’ म्हटल्यावर होणारे चेहरे फुकट. दुसरा प्रकार ‘थुरियन कुआन’. पिकलेला गर कढईत तासन् तास ढवळून आटवतात आणि त्याच्या वड्या किंवा कांड्या करतात. फणसपोळी आवडत असेल तर हे आवडेल, पण इथे वास टिकून असतो. लिफ्टमध्ये पाकीट उघडू नये.

चांथाबुरीची सगळ्यात हुशार खरेदी मात्र दिसायला अगदी साधी आहे, ‘सेन चान’. सेन म्हणजे शेवया, चान म्हणजे चांथाबुरी. पॅड थाईला लागणाऱ्या चपट्या तांदळाच्या शेवया याच. वाळवलेल्या, हलक्या, न फुटणाऱ्या, महिनोन् महिने टिकणाऱ्या. वीकएंडला किचनमध्ये प्रयोग करणाऱ्या मैत्रिणीला याहून चांगलं काही देता येणार नाही. इथली मिरीही नावाजलेली, पण मलबारच्या शेजाऱ्यांनी थायलंडहून मिरी आणावी? मी तरी आणत नाही.

पिवळा झेंडा शोधा

ऑफिसात निम्मे लोक व्हेज, दोघं जैन, एकाचा चातुर्मास. इथेच बहुतेकांची दांडी उडते. थाई खाऊत मासा कुठे लपलेला असेल सांगता येत नाही. मिरचीच्या पेस्टमध्ये सुकी कोळंबी, शेंगदाण्यांच्या पाकिटात छोटे मासे, वेफर्सवर माकुलाचा मसाला. ‘नो मीट’ म्हणून भागत नाही.

यावर एक जालीम उपाय आहे. पिवळ्या रंगावर लाल अक्षरात लिहिलेलं ‘जे’. ही चिनी-थाई बौद्धांची शुद्ध शाकाहाराची खूण. मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही! म्हणजे आपल्या जैन कलीगचं निम्मं काम थाई चिन्यांनी आधीच करून ठेवलंय. कंदमुळं तेवढी बघून घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास त्यांचा नऊ दिवसांचा ‘जे’ उत्सव असतो, तेव्हा हे झेंडे बाजारभर लागतात. इतर वेळीही पाकिटावर ही खूण सापडते. एखाद्या हॉटेलात ‘मांगसविरात’ असं ऐकलंत तर तेही शाकाहारीच, पण त्यात अंडं चालतं.

२५६९ची एक्स्पायरी

पाकिटावरची तारीख बघून दचकू नका. थाई लोक बुद्ध संवत वापरतात, जे आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षं पुढे आहे. म्हणजे २०२६ साल तिथे २५६९. कधी कधी नुसतं ‘६९’ छापतात. तेव्हा एक्स्पायरी २५६९ म्हणजे माल आणखी पाच शतकं टिकेल असं नाही! एक्स्पायरीला थाईत ‘मोत आयु’ म्हणतात. आयु म्हणजे आपलंच आयुष्य, ते संपण्याची तारीख. उत्पादनाच्या तारखेला ‘फलित’. हे दोन शब्द दुकानदाराला म्हणून दाखवा, तो बोटाने बरोबर जागा दाखवेल.

आता बॅग. सॉस, नाम प्ला, कापी हे सगळं चेक-इनमध्ये. केबिनमध्ये शंभर मिलिलिटरची मर्यादा आहे, आणि पेस्टही त्यातच धरली जाते. कापीच्या डबीला दोन झिप-लॉक पिशव्या, वर एक जुना टी-शर्ट. दुकानात सीलबंद पॅकिंग मागा, नोंग मोनमध्ये खोके बांधून देण्याची सवयच आहे. ताजी फळं, रोपं, बिया आणू नका. आपल्याकडच्या प्लांट क्वारंटाइनच्या नियमांत ती बसत नाहीत. मासे, मांस, दुधाचे पदार्थ आणत असाल तर उतरल्यावर कस्टम्सला तसं सांगावं लागतं, सुकी मासळीही त्यात येते. थोडंसं, सीलबंद, लेबल असलेलं न्या आणि विचारलं तर सरळ सांगा.

आणि वाटणी आधीच करून ठेवा. ड्युरियनचे वेफर्स आणि चिंचेच्या गोळ्या ऑफिसला, शेवया मैत्रिणीला, सॉस मित्राला, कापी आणि सोडे घरी. सुक्या माकुलाचं पाकीट सेंट्रल एसी असलेल्या मजल्यावर फोडू नये. आणि कुणी कितीही आग्रह केला तरी ते पँट्रीतल्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये.